ओसरीवरची विचारपूस

आमच्या दवाखान्यात आलेला माणूस आपल्याला काय होतंय ते डॉक्टरांना सांगत नसे. तो स्टुलावर बसायचा, बाही वर करायचा, हात टेबलावर ठेवायचा आणि गप्प राहायचा. डॉक्टरांनी मनगट धरायचं आणि सांगायचं. बरोबर सांगितलं तर डॉक्टर खरा. 'काय त्रास आहे?' असं विचारणारा डॉक्टर म्हणजे शिक्षण अर्धवट सोडून आलेला. सगळं आपणच सांगायचं तर इतक्या लांब आलो कशाला, असा रोकडा सवाल. पातूरच्या अलीकडच्या सात-आठ गावांत ही रीत होती. मी लग्न होऊन इथे आले तेव्हा मला तिचं हसू आलं होतं. माझं माहेर वलगावचं. तिथली माणसं डॉक्टरला इतकं सांगतात की त्याला बोलायला जागाच मिळत नाही.

दवाखाना म्हणजे मूळची कापसाची खोली. नवीन डिग्री घेऊन आलेल्या तरुण डॉक्टरला गावाने ती दिली, कारण गावात पक्की फरशी असलेली तेवढीच एक रिकामी खोली होती. पेशंटला झोपवायचं बाकडं शाळेतून आणलं होतं. पुढे डॉक्टरांनी ती जागा विकत घेतली, मागे राहायला घर बांधलं आणि पुढे टिनाची ओसरी काढली. मी कामाला लागले तेव्हाही झाडताना फरशीच्या फटींतून सरकी निघायची. औषध पातळ असायचं. लोक घरून बाटली आणायचे, आम्ही ती भरून द्यायचो आणि बाहेरून कागदाची पट्टी चिकटवायचो. पट्टीला जितक्या खाचा, तितक्या वेळा प्यायचं. त्या पट्ट्या कापणं हे माझं पहिलं काम. लवकर बरं व्हायचं म्हणून अख्खी बाटली उभ्या उभ्या पिऊन टाकणारेही होते. त्यांच्यासाठी मी लहान बाटल्या वेगळ्या ठेवल्या होत्या.

डॉक्टरांना बाई कंपाउंडर हवी होती, कारण बायका पुरुषाच्या हातून सुई घेत नसत. मी दहावी पास होते, अक्षर बरं होतं आणि रक्त पाहून मला चक्कर येत नव्हती. तीन प्रश्नांत मुलाखत संपली.

तिसऱ्या की चौथ्या दिवशी एक म्हातारे आजोबा ओसरीवर आपल्या नंबरची वाट पाहत बसले होते. ऊन फार होतं म्हणून मी त्यांना माठातलं पाणी दिलं. पाणी पिता पिता त्यांनी मला सगळं सांगितलं: तीन दिवस झोप नाही, उजव्या कुशीवर वळलं की दुखतं, सून भाजीत तेल फार घालते. विसरायला नको म्हणून मी ते त्यांच्या केसपेपरच्या मागे लिहिलं. आत गेल्यावर आजोबांनी हात पुढे केला आणि तोंड मिटलं. डॉक्टरांनी पेपर उलटून पाहिला, मनगट धरलं, डोळे मिटले आणि म्हणाले, "झोप नाही. उजव्या कुशीला दुखतं. तेल कमी करा." आजोबांनी हात जोडले. बाहेर येऊन त्यांनी साऱ्या ओसरीला ऐकवलं, "सुनेचं तेल बी नाडीत दिसलं ना गा डाक्टरले!"

दुपारी डॉक्टर हात धुता धुता मला म्हणाले, "बाई, उद्यापासून सगळ्यांना पाणी द्या."

पंधरा वर्षं मी पाणी दिलं. याला कुणी फसवणूक म्हणेल. मी काम म्हणते, आणि ते सोपं नव्हतं. सरळ विचारलं की माणसं सावध व्हायची. म्हणून मी बाजूने जायची. आज स्वयंपाक कोणी केला, हे विचारलं की घरातली बाई उठू शकते की नाही ते कळायचं. निंदण-खुरपण कुठवर आलं, हे विचारलं की कंबर कधीपासून धरली ते कळायचं. सुनेची पाळी चुकली असेल तर ती सासूसमोर बोलणार नाही. मग मी सासूबाईंना वजन करायला आत पाठवायची. सासूला आपलं वजन दोनदा करून पाहायची हौस असायची. तेवढ्यात माझं काम व्हायचं. ओसरीवर जे ऐकलं ते कागदावर गेलं, कागदावरून डॉक्टरांकडे गेलं, तिसऱ्या माणसाला कधीही कळलं नाही. मला त्याचा अभिमान होता आणि आजही आहे.

डॉक्टरांच्या नाडीची कीर्ती लांबवर गेली. एकदा परतवाड्याहून एक कुटुंब दोन बस आणि एक जीप बदलून आलं. घरचा कर्ता माणूस आजारी होता आणि सगळेच्या सगळे मुके असल्यासारखे बसले. मी पाणी दिलं. प्यायले. पुन्हा दिलं. पुन्हा प्यायले. आत डॉक्टर पाच मिनिटं मनगट धरून बसले आणि मग हात धुवायच्या निमित्ताने बाहेर आले.

"काही कळलं, बाई?"

"पेशंटला तहान लागते एवढंच कळलं."

डॉक्टर आत गेले आणि त्यांनी लघवी तपासायला घेतली. साखर निघाली. ते कुटुंब पुढे कितीतरी वर्षं येत राहिलं.

नंतरची वर्षं सगळ्यांना माहीत आहेत. कपाशी हातची जायची, आमच्या भागाचं नाव रोज पेपरात यायचं. बाहेरगावचे वार्ताहर जीप घेऊन यायचे आणि आधी दवाखान्यात घुसायचे. एकाला मी नंबरात बसवलं होतं. त्याला रडणारी माणसं हवी होती. त्या दिवशी आमच्याकडे खरजेची माणसं होती. तो लवकर गेला. गाव तेवढंच नव्हतं जेवढं पेपरात येत होतं. बाळंतपणं चालू होती, पोरं बोरं नाकात घालत होती, म्हाताऱ्या चष्म्याची तक्रार करत होत्या. बदललं ते एवढंच की बोंडअळीसाठी फवारण्या वाढल्या. दोन-दोन, तीन-तीन औषधं एका पंपात मिसळून मारायचे. पोळ्यानंतर ओसरीवर ओकाऱ्या आणि गरगरणं यांचीच रांग असायची.

त्याच काळात डॉक्टरांचे गुडघे गेले आणि मग हात कापायला लागले. सुई धरता येईना. मुलं पुण्याला स्थिरावली होती, त्यांना यायचं नव्हतं. जागेला गिऱ्हाईक तयार होतं. पातूरच्या एका कृषी केंद्रवाल्याला इथे बी-बियाणं आणि फवारणीच्या औषधांचं गोदाम काढायचं होतं. डॉक्टर त्याला म्हणाले, "दिवाळीपर्यंत थांब. मी एक शेवटचा प्रयत्न करतो."

तो प्रयत्न म्हणजे अमरावतीहून आलेली एक तरुण डॉक्टरीण. ओळखीतून आली होती. दिवाळीपर्यंत राहून पाहते, जमलं तर राहीन, नाही तर जाईन, असं तिने पहिल्याच दिवशी सांगितलं. मला तिचा सरळपणा आवडला. जमलं तर दवाखाना, नाही तर गोदाम. सर्वांत जवळचा दुसरा डॉक्टर पातूरला, आणि बस दिवसातून तीन. मला वेगळं समजावून सांगायची गरज नव्हती.

पहिल्याच सकाळी मी केसपेपरच्या मागे लिहून दिलं. तिने वाचलं, घडी घातली आणि मला परत दिलं. पेशंटसमोर काही बोलली नाही. दुपारी म्हणाली, "बाई, हे मी करणार नाही. मी नाटक करायला आले नाही. ज्याला त्रास आहे त्याने मला सांगायचं."

"ते सांगत नाहीत, मॅडम."

"सांगतील."

"साहेबांना तीस वर्षं नाही सांगितलं, मी यायच्या आधीपासून."

"कारण तुम्ही दोघांनी सांगू दिलं नाही."

हे मला झोंबलं. झोंबलं कारण त्यात थोडं खरं होतं.

मॅडम प्रत्येकाला विचारायची. कधीपासून, कुठे, आधी काय खाल्लं, शौचाला कसं. शिकलेल्या डॉक्टरने विचारावं तसंच विचारायची. पेशंट खाली पाहायचे, नाही तर माझ्याकडे पाहायचे. ओसरीवर बोलणं सुरू झालं.

"हिले काईच समजत नाही. सारं आपल्यालेच इचारून राह्यली."

"आपल्याले ठावूक असतं तं आलो कायले असतो?"

"बापाच्या पैशानं डिग्री घेतली असन वं."

"नाडी धरते तं घडी पाहून धरते! नाडीत घडी काय पाहाची?"

मी ऐकून घेत होते. पहिल्या महिन्यात रांग निम्मी झाली, दुसऱ्यात आणखी निम्मी. कृषी केंद्रवाला येता-जाता ओसरीपाशी मोटरसायकल उभी करायचा आणि टिनाकडे पाहून जायचा. मी मॅडमला म्हटलं, थोडं तरी माझं ऐका. ती म्हणाली, "बाई, उद्या तुम्ही चुकीचं लिहिलं आणि मी डोळे मिटून तेच बोलले, तर?" मी म्हटलं, मी चुकीचं लिहीत नाही. तिथेच बोलणं अडलं. आम्ही दोघी हट्टी, आणि दवाखाना रिकामा.

दसऱ्याच्या आधीच्या आठवड्यात दुपारी बाराच्या सुमारास एका बैलगाडीतून एक बाई आली. वय तिशीचं. तोंडातून लाळ, घामाने चिंब, तिला उभं राहवत नव्हतं. मॅडमने तिला आत घेतलं. बाजाराचा दिवस होता, त्यामुळे गाडीच्या मागोमाग दहा-पंधरा माणसं आली आणि दारात उभी राहिली. नवरा मागे राहिला होता, बैल सोडत होता. मी त्याला माठाजवळ बोलावलं. तो पाणी प्यायला आणि मान खाली घालून बोलला. त्याच्या उजव्या हाताला विळा लागला होता, फडकं बांधलेलं दिसत होतं. पंप त्याला उचलवत नव्हता. म्हणून सकाळपासून फवारणी बायकोनेच केली होती, पंप पाठीवर घेऊन. पंप गळका होता.

"कोनाले सांगजा नका बाई. लोक म्हनतीन, बायकोले पंप देला."

मग त्याने औषधाची बाटली मॅडमला द्यायला म्हणून काढली. ती लखलखत होती. डॉक्टरकडे घाण बाटली कशी न्यायची, म्हणून त्याच्या आईने राखेने घासून, धुऊन दिली होती. लेबल गेलं होतं, वास गेला होता. मी विचारलं, वास कसा होता? म्हणाला, लसणासारखा. आणि त्यात एक पांढरी भुकटीही कालवली होती, शेजाऱ्याने दिलेली.

तो आत गेला. मॅडमने विचारलं, "कुठलं औषध मारत होता?"

दारात सगळं गाव. त्याने बाटली टेबलावर ठेवली आणि बायकोचा हात उचलून पुढे केला. "नाडी पाहा."

"अहो, मला सांगा. ही शेतात काय करत होती?"

"पानी आनून देत होती. नाडी पाहा नं तुमी."

"सकाळपासून पाणीच आणत होती?"

"नाडीत दिसते सारं. डाक्टरसायबाले दिसे."

दारातून कोणी तरी हसलं. "सांगा नं, मॅडम!"

मॅडमने बाईच्या पापण्या उघडून पाहिल्या. बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या होत्या. विष कोणत्या जातीचं ते तिला कळलं होतं, हे मी तिच्या चेहऱ्यावरून ओळखलं. इंजेक्शन काढायला तिचा हात गेलाच होता. पण विष अजून बाईच्या अंगावर होतं, पोलक्याखाली पाठीवर, आणि दर मिनिटाला आत जात होतं. ते तिला कळायला काही मार्ग नव्हता. कुजबुजायला वेळ नव्हता.

मी आत गेले आणि मोठ्याने बोलले. "पाणी आणत नव्हती. पंप हिच्या पाठीवर होता. गळका आहे. पाठ भिजलेली आहे. औषधाला लसणाचा वास होता, वरून पांढरी भुकटी मिसळली आहे. मॅडम, कपडे आधी काढू."

दारातलाच एक माणूस म्हणाला, "बाई, तुमाले कसं मालूम?"

"यांनी मला सांगितलं, आत्ता, माठाजवळ. आणि पंधरा वर्षं तुम्ही सगळे मलाच सांगत आलात. मी लिहून देत होते, साहेब वाचत होते. नाडीत काही नव्हतं. आता दार सोडा, बाईमाणसाला धुवायचं आहे."

दार लावलं. आम्ही दोघींनी तिचे कपडे कापून काढले आणि साबणाने पाठ धुतली, एकदा, दोनदा, तीनदा. मॅडमने इंजेक्शन दिलं, थोड्या थोड्या वेळाने पुन्हा दिलं. बाईची लाळ थांबून तोंड कोरडं पडू लागलं, म्हणजे औषध लागू पडलं, तेव्हा मॅडम पहिल्यांदा खुर्चीवर टेकली. त्यानंतर जीप केली, मॅडम स्वतः तिच्याबरोबर अकोल्याच्या मोठ्या दवाखान्यापर्यंत गेली. बाई वाचली.

पण ओसरी गेली, असं मला वाटलं. दोन दिवस एकही माणूस आला नाही. दोन गोष्टी मी एका दमात मोडल्या होत्या. साहेबांचं नाव घालवलं होतं, आणि ज्याने 'कोणाला सांगू नका' म्हटलं त्याचंच गुपित बाजारभर केलं होतं. दुसरी गोष्ट मला जास्त लागली.

मागच्या घरात जाऊन मी साहेबांना सगळं सांगितलं. ते खाटेवर बसून भिजलेल्या पोह्यांचा घास चमच्याने उचलायच्या खटपटीत होते. ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बरं केलं. नाडीत मला आजवर ठोकेच लागले, बाई. दुसरं काही लागलं असतं तर मीच घाबरलो असतो."

तिसऱ्या दिवशी सकाळी खाला आली. बसस्टँडवर फवारणीचे पंप दुरुस्त करणाऱ्याची आई, सत्तरीची, दम्याची जुनी पेशंट. ओसरीवर येऊन बसली आणि म्हणाली, "पानी दे, बेटी. आज नहीं देगी क्या?"

"आता कशाला खाला? आता सगळ्यांना माहीत झालं."

"अगे, मेरेकू तो पहले सालसे मालूम था. मैं नई औरतां कू बोलती थी, पहले बाई के पास बैठ, फिर अंदर हात दे. तुले काय वाटलं, आमी येडे आहो?" ती रागावली की मराठीवर यायची. "डागदरसमोर तोंड उघडत नाही नं पोरी. मोठा मानूस. तुह्याजवळ उघडते."

ती एकटी असं म्हणाली असती तर मी समजूत म्हणून सोडून दिलं असतं. पण त्या आठवड्यात आणखी चार-पाच बायकांनी तेच सांगितलं. पुरुष मात्र खरंच नाडीवर विश्वास ठेवून होते. ते पंधरा दिवस रुसले.

खाला हे सगळं बोलत होती तेव्हा मॅडम दारात उभी होती. त्या दुपारी तिने पहिल्यांदा मला विचारलं की मी काय काय विचारते आणि कसं. मी सांगत गेले, ती वहीत लिहीत गेली. सासूला वजनाला पाठवण्यापाशी ती थांबली. "हे मला कॉलेजात कोणी शिकवलं नाही," म्हणाली. मीही माझी बाजू सोडली. तिचं म्हणणं एवढंच होतं की पेशंटच्या पाठीमागे लिहायचं नाही. मग ठरलं ते असं: ओसरीवर टेबल टाकायचं. मी विचारणार, पेशंटसमोर लिहिणार, त्याला वाचून दाखवणार. चुकलं असेल तर तो दुरुस्त करणार. मग तो कागद त्याने स्वतःच्या हाताने आत न्यायचा. बरोबर आलेल्या माणसासमोर तो वाचायचा की नाही, हेही त्यानेच ठरवायचं. ही शेवटची अट माझी होती. टेबलामागच्या भिंतीवर मी मोठ्या अक्षरात लिहून लावलं, 'औषधाची बाटली धुऊ नका. आहे तशी आणा.'

ती बाई अकोल्याहून परत आली तेव्हा नवरा तिला घेऊन आला. मला पाहून त्याने मान फिरवली. त्याचा तो हक्क होता. टेबलासमोर बसला, मी कागद ओढला. मी काही विचारायच्या आत तो म्हणाला, "लिहा. पंप मी दुरुस्त करून आनला. आता मीच मारतो. हिले अशक्तपना आहे." मी वाचून दाखवलं. "'मीच मारतो' हे बी लिहा," म्हणाला. लिहिलं.

हळूहळू रांग वाढली. पहिल्यासारखी नाही, पण बाक भरू लागला. कागद हातात घेऊन आत जाणाऱ्या माणसाची चाल वेगळी असते, हे मी तेव्हा पाहिलं. तो आत जाऊन स्वतःच बोलू लागायचा आणि कागद नुसता हातात राहायचा.

दिवाळीच्या आदल्या आठवड्यात कृषी केंद्रवाला मोजायची टेप घेऊन आला. थेट मागे साहेबांकडे गेला. साहेबांनी त्याला पुढे पाठवलं, "मॅडमला विचार." तो ओसरीवर येऊन बाकावर बसला. मॅडम एका पोराचा कान पाहून बाहेर आली.

"मॅडम, दिवाळीनंतर कधी खाली करून राह्यल्या?"

मॅडमने त्याच्या हातातली टेप पाहिली आणि मग माझ्याकडे पाहिलं. "बाई, यांचा कागद लिहिला?"

"नाही. हे पेशंट नाहीत."

"मग त्यांना बाकावरून उठायला सांगा. मागे माणसं उभी आहेत."